मिशीखालून निसटणारी हवा

तिसरा मास्कही फुसफुसला.

योगेंद्र पलंगावर उताणा पडला होता आणि झोपेत श्वास थांबू नये म्हणून हवा पुरवणारी मशीन घेऊन आलेला वेदांग त्याच्या डोक्यामागचे पट्टे आवळत होता. नाकावर बसणारा मास्क लावून झाला. नाकपुड्यांत घालायचा झाला, तर हवा तोंडावाटे निघून गेली. आता हा नाकतोंड झाकणारा, तोही मिशीपाशी हार खात होता.

"भाभीजी, हवा यहीं से निकल रही है," वेदांग माधवीला म्हणाला. "मूँछ हटानी पड़ेगी."

योगेंद्रने मास्क काढून उशीवर ठेवला. "मिशी नाही निघणार, भैया."

वेदांगला वाटलं, माणूस शौकीन आहे. माधवीला खरं कारण ठाऊक होतं. बाप जिवंत असताना मुलाने मिशी उतरवायची नसते. योगेंद्रचे बाबा अकरा वर्षांपूर्वी ग्वारीघाटावरून नर्मदा परिक्रमेला निघाले, ते परतलेच नव्हते. मिशी काढायची म्हणजे बाबा गेले असं आपणच ठरवून टाकायचं, आणि आईच्या कपाळावरचं कुंकू आपल्या हातांनी पुसायचं. योगेंद्र अजूनही घाटावर दिसेल त्या परिक्रमावाल्याला बाबांचा फोटो दाखवी. सासूबाईही एकदा भजनमंडळासोबत गेल्या असता एकट्याच मागे राहून, ओंकारेश्वर पालथं घालून हात हलवत परतल्या होत्या. आता त्या फक्त नदीत दिवा सोडत, विचारत कुणाला नसत.

माधवीचा मात्र जीव टांगणीला लागला होता. रविवारी दुपारी जेवून योगेंद्र लवंडला की ती कान देऊन बसे. घोरणं मध्येच तुटे. हातातलं भांडं तसंच धरून ती मोजू लागे. वीस. तीस. एकदा बेचाळीसपर्यंत गेली, तेव्हा धावत जाऊन तिने त्याला गदागदा हलवलं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, मशीन लावली नाही तर एक दिवस हृदय दगा देईल.

चैत्रात ती एकटीच घाटावर गेली आणि घरी येऊन धडधडीत खोटं बोलली.

"परिक्रमेतले एक महाराज भेटले. फोटो ओळखला त्यायनं. मंडल्याकडच्या आश्रमात होते म्हणे बाबा. माघात गेले."

 योगेंद्र लहान मुलासारखा रडला. मग घाटावर बसून त्याने मिशी उतरवली, सगळे विधी केले. सासूबाईंनी कुंकू पुसलं.

मास्क बसला. हवा कुठूनही निसटेना. योगेंद्र ताज्या चेहऱ्याने उठू लागला, फॅक्टरीत डुलक्या येईनाशा झाल्या.

माधवीची झोप मात्र उडाली. जित्या माणसाचं तेरावं घातलं आपण, हा विचार तिला जेवू देईना. फाटक वाजलं तरी ती खिडकीशी धावे. कोणी आश्रमाचं नाव विचारलं तर? आणि बाबाच काठी टेकत आले तर?

तेराव्यानंतरच्या रविवारी योगेंद्र जेवून झोपला. सासूबाईंनी माधवीला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"मंडल्याकडे होते म्हणाला न तो महाराज?"

"हो, आई."

"माघात गेले?"

"हो."

"खोटं काहून बोलून राहिली माह्यासंग?"

 माधवी तिथेच फरशीवर बसली. "तुमच्या लेकाचा श्वास थांबे, आई. मी रोज मरून राहिली होती भीतीनं. चुकलं माझं. उद्या बाबा दारात उभे राहिले तर त्यायले काय तोंड दाखवू मी?"

आतल्या खोलीत मशीन एका लयीत चालली होती.  सासूबाईंनी खाली बसून सुनेचा हात हातात घेतला.

"तो एवढ्या आशेनं लोकायले फोटो दाखवे, माझ्याच्यानं सांगवलं नाही," त्या म्हणाल्या. "आठ वर्षं झाली, पोरी. ओंकारेश्वरले त्यायले अग्नी मीच देऊन आली."