मुंगीची पावलं

वॉर्डातल्या तिघांचे टाके चिघळले, तेव्हा सिस्टरनं सगळं खापर सफाईवाल्या मावशींवर फोडलं होतं. आज प्रयोगशाळेतल्या माणसानं तिच्यासमोर जंतू वाढवायची काचेची बशी ठेवली. “काल हिच्यावर वॉर्डातली एक मुंगी चालवली,” तो म्हणाला. मुंगी जिथून गेली तिथे जंतूंचे पांढरे ठिपके रांगेनं उगवले होते. सिस्टर चक्रावली. भिंतीवरची मुंग्यांची रांग धरून ती खिडकीजवळच्या खाटेपाशी पोचली. आजोबा उशाशी बिस्किटाचा चुरा पसरत होते. “हे काय, आजोबा?” “महिना झाला, पोरं फिरकली नाहीत. भेटायला एवढ्याच येतात.” आता रागवायचं तरी कुणावर, तिला कळेना. तेवढ्यात मावशी फडकं घेऊन आल्या. “मावशी, मी उगाच तुम्हाला…” सिस्टर म्हणाली. मावशींनी चुरा पुसला. मग त्या आजोबांना म्हणाल्या, “उद्यापासून भेटायला मी येईन. पण मला बिस्कीट अख्खं लागतं.”