खरवड

आईने गॅस मोठा केला आणि दूध ढवळायचं थांबवलं. दूध बुडाला लागलं म्हणून इतकी वर्षं ती दोन्ही मुलांवर ओरडत आली होती. आज मुद्दाम लागू देत होती.

करपट गोड वास घरभर पसरला तेव्हा मोठीच्या खोलीचं दार उघडलं. आई त्याचीच वाट पाहत होती. धाकटा अपघातात गेला त्याला सतरा दिवस झाले होते. तेव्हापासून मोठी चहावर आणि कुणी फारच मागे लागलं तर दोन घासांवर होती.

मोठी डेअरीत नोकरीला होती. दिवसभर दूध तपासते आणि घरी येऊन पातेलं चाटते, म्हणून धाकटा तिला मांजर म्हणायचा. खरवडीसाठी ओट्यापाशी तिच्याआधी तोच हजर असायचा, ते सोडा. लहानपणी भांडणं हातघाईवर यायला लागली तेव्हा बाबांनी नियम करून दिला. मोठीने चमच्याच्या दांड्याने पातेल्यात रेघ मारायची आणि बाजू धाकट्याने निवडायची. बर्नर डावीकडे जास्त पेटायचा, त्यामुळे तिथला थर जाड व्हायचा. मोठी ते धरून रेघ डावीकडे सरकवायची. मग धाकटा पातेलं उजेडात धरून, डोळे बारीक करून, जाड की रुंद याचा विचार करत बसायचा. सव्वीस वर्षांचा झाला तरी.

आईने दूध दुसऱ्या भांड्यात ओतलं. पातेल्याच्या तळाला बदामी थर, कडेला सायीचे पापुद्रे. तिने साखर भुरभुरली आणि पातेलं टेबलावर ठेवलं.

"घे. सगळं तुलाच," ती म्हणाली आणि लगेच ओट्याकडे वळली.

मोठीने चमचा उलटा धरला. जरा डावीकडे सरकवून रेघ मारली. मग पातेलं पलीकडच्या रिकाम्या खुर्चीसमोर लोटलं आणि चमचा हातात धरून बसून राहिली.

आईने दोनदा सांगून पाहिलं, निवतंय, खाऊन घे.

"अजून निवडलं नाहीये," मोठी म्हणाली.

बाबा दारात उभे होते. खरवड त्यांनी जन्मात खाल्ली नव्हती. करपलेल्याचा वासही त्यांना सोसायचा नाही. ते आत आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पातेलं उचललं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. डोळे बारीक करून बराच वेळ पाहत राहिले.

मग त्यांनी जाड बाजूवर बोट टेकवलं.

"ही. त्याने ही घेतली असती."

"लबाड आहे तो," मोठी म्हणाली.

तिने पातेलं ओढून घेतलं आणि आपली पातळ बाजू खरवडायला लागली. चमचा तेवढा वाजत होता. कडेचे पापुद्रेसुद्धा तिने सोडले नाहीत. अर्ध्या पातेल्याचा तळ चकचकीत दिसायला लागला आणि चमचा रेघेवर थांबला.

आईने पातेलं उचलून नळाखाली नेलं. नळावर हात ठेवून उभी राहिली. मग नळ न सोडताच पातेल्यावर ताटली झाकली.