मच्छिंद्र मिस्त्रीचा कान

"अजून रेस द्या, काका!" मच्छिंद्र ओरडला आणि लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवून त्याने मूठ कानाशी धरली.

मार्तंडकाकांनी पाय दाबला. तीस वर्षांची ती लाल स्पोर्ट्स कार केडगावच्या पत्र्याच्या गॅरेजात गुरगुरली. घरघर मच्छिंद्रला नीट ऐकू आली. पण तिच्या आडून येणारा जो बारीक आवाज काकांच्या बायकोला, शेजारीच उभ्या असलेल्या सुनीतीबाईंना, आठ दिवस छळत होता, तो काही त्याच्यापर्यंत पोचेना. त्याने टोक सरकवलं. उजवा कान लावला, मग डावा. काहीच नाही.

बाकीचे मिस्त्री कॉम्प्युटर लावतात, मच्छिंद्र कान लावतो, अशी त्याची ख्याती पार राहाता तालुक्यापर्यंत. त्याच कानांना गुढीपाडव्यापासून घरातल्या कुकरची शिट्टी ऐकू येत नव्हती. बायकोला वाटायचं, गडी मुद्दाम उठत नाही. तो तिच्या शिव्या खात होता, पण खरं सांगत नव्हता. कान गेलेल्या मिस्त्रीच्या दारात गाडी कोण उभी करणार?

काकांनी गाडी बंद केली. "नाही ना काही? मी म्हणतच होतो! मला तर कसलाही आवाज येत नाही. हिलाच येतो. उद्या मनवाला घेऊन संभाजीनगरला निघायचंय, तर ही म्हणते, नातीला एसटीने ने. गाडी नीट पोचते की नाही, यावर पैज लागलीय आमची."

मनवा नऊ वर्षांची. म्हणजे उद्या ती मागच्या चिमुकल्या सीटवर बसून इमामपूरच्या घाटातून जाणार होती. बारीक आवाजाचे धनी दोनच. वरच्या झाकणाखालचे, झडपा हलवणारे टॅपेट ढिले झाले असतील तर एकसारखी टिकटिक येते; खुशाल महिनाभर गाडी हाका. पण पुढच्या कव्हरमागची टायमिंग चेन सैल झाली असेल, तर खळखळ येते, आणि ती चेन कुठेही तुटते आणि इंजिन जागच्या जागी बंद पडतं. घाटातल्या वळणावर, मागून उसाने लादलेला ट्रक येत असताना सुद्धा.

"बाई," त्याने उगाच हसून विचारलं, "आवाज कसा येतो म्हनता?"

सुनीतीबाईंनी त्याला चौथीत शिकवलं होतं. त्यांनी त्याच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. मग हातातली एक बांगडी चिमटीत धरून त्यांनी ती मडगार्डवर वाजवल्यासारखी दोन-तीनदा हलवली.

"असा. एका बांगडीचा. ऐकलास?"

"व्हय, व्हय. टॅपेट हायेत, बाई. घाबरायचं काय कारन न्हाई."

बोलून गेला आणि त्याला जरा बरं वाटलं. काकांना तर आकाश ठेंगणं झालं. पैज जिंकल्याचा चहा आपणच आणतो म्हणत ते समोरच्या टपरीकडे निघाले. मच्छिंद्र बॉनेट लावायला वाकला.

बाई अगदी त्याच्या कानाजवळ आल्या.

"मच्छिंद्र, बांगडी मी गाडीला लावलीच नव्हती. एका बांगडीचं तर उगाच म्हटलं."

बॉनेट उघडंच राहिलं.

"तीस वर्षं शिकवलंय मी. न ऐकता मान डोलावणारं पोर मला शेवटच्या बाकावरचं सुद्धा कळतं. कधीपासून ऐकू येत नाही?"

"पाडव्यापासून," तो म्हणाला. "बारीक तेवढंच येत न्हाई, बाई. बाकी समदं येतं. कुनाला सांगू नका. माझं दुकान बसंल."

"आणि मनवा?"

पोरगी खिडकीतून हात बाहेर काढून बसलीय आणि गाडी वळणावर बंद पडलीय, एवढंच त्याला दिसलं. त्याने गाडीत वाकून किल्ली फिरवली, आणि परत येऊन स्क्रू ड्रायव्हरची मूठ बाईंच्या हातात दिली.

"कानाला लावा. टोक मी धरतो. आता खरं सांगा. एक बांगडी वाजल्यावानी येतंय, का समद्या?"

बाईंनी डोळे मिटले. मच्छिंद्रने टोक आधी वरच्या झाकणावर टेकवलं. त्यांनी मान हलवली, इथे नाही. मग त्याने ते पुढे, चेनच्या कव्हरवर आणलं. इंजिन त्याच्या बोटांत थरथरत होतं. एक बांगडी म्हणा, बाई, एकच म्हणा, असं तो मनात घोकत होता.

बाईंच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी डोळे उघडले, मोकळा हात वर केला आणि मनगट जोरात हलवलं. चारही बांगड्या एकमेकींवर आदळल्या. मच्छिंद्रने ते डोळ्यांनी पाहिलं.

त्याने गाडी बंद केली आणि किल्ली काढून घेतली.

काका तीन ग्लास सांभाळत आले. त्यांच्यामागून टपरीवरची दोन गिऱ्हाईकं लाल गाडी बघायला आली होती. "काय मिस्त्री, पोचते ना उद्या संभाजीनगरला?"

मच्छिंद्रने एकदा त्या गिऱ्हाइकांकडे पाहिलं. किल्ली त्याने आपल्या खिशात टाकली.

"गाडी हितंच ऱ्हाईल, काका. चेन गेलीय." मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मला आवाज ऐकू आला न्हाई. बाईंना आला."