कोरा कागद

मोतीबिंदू पिकलाय असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, तरी अपूर्वाचे सासरे, नाना, ऑपरेशनचं नाव काढू देत नव्हते. वर रोज अकरा वर्षांच्या नातीला, आरोहीला स्कूटरवर मागे बसवून मुंबई नाक्याच्या गर्दीतून शाळेत सोडायचे, आणि ते घरी परत येईपर्यंत अपूर्वाचा जीव टांगणीला लागायचा.

"अगं, पोलिसात तीस वर्षं रायफल चालवली मी. मला दिसत नाही म्हणतेस?" हे नानांचं ठरलेलं उत्तर.

शेवटी तिने पैजच लावली. आरोही जिथे शूटिंग शिकायची, त्या सातपूरच्या रेंजवर नानांनी दहा मीटरवरून दहा शॉट मारायचे. आठ जरी काळ्या गोलात बसले, तर ती पुन्हा ऑपरेशनचा विषय काढणार नाही.

"आठ कशाला? सगळे बसवतो!" म्हणत नाना आरोहीच्या शेजारच्या लेनमध्ये उभे राहिले.

दहा शॉट झाले. नानांचा निशाण्याचा कागद दोरीवरून सरकत परत आला. त्यावर एकही भोक नव्हतं. नानांनी तो उजेडाकडे धरून पाहिला, मग रायफल खाली ठेवून पुटपुटले, "घे बाई, सोमवारची तारीख घे."

तेवढ्यात आरोही आपला कागद नाचवत आली. "आई, मी दहाच मारले, मग माझ्या कागदावर वीस भोकं कशी? आणि ही मधली दहा बघ, रुपयाएवढ्या जागेत!"

अपूर्वाने कागद झटकन पर्समध्ये कोंबला.



"हळू बोल. आजोबांचं ऑपरेशन होईपर्यंत ती वीसही भोकं तुझीच आहेत."