अनावश्यक आवाज

“दिगंबरा, ऐकू येतंय का रे?” घशाच्या ऑपरेशननंतर घोगरा झालेल्या आवाजात अण्णांनी माइकमध्ये विचारलं.

कॉम्प्युटरवर कॅरमचा डाव मांडून बसलेला त्यांचा दोस्त पलीकडून ओरडला, “अरे, गप्प का? बोल की लेका!”

गेम खेळताना गप्पा मारायचं हे सॉफ्टवेअर अण्णांच्या लेकीनं, शर्वरीनं लिहिलं होतं आणि गेम बनवणाऱ्या सगळ्यांसाठी फुकट खुलं केलं होतं. पंखा, कुकरची शिट्टी गाळून ते फक्त माणसाचा आवाज पुढे धाडायचं. परवाच कुणीतरी कळवलं होतं, ‘माझ्या भावाचं बोलणं कुणालाच ऐकू जात नाही.’ माइकवर खापर फोडून तिनं ती तक्रार निकालात काढली होती.

अण्णांनी घसा ताणून पुन्हा हाक मारली.

शेजारी बसलेल्या शर्वरीसमोर स्क्रीनवर तिनंच लिहिलेली ओळ उमटली, ‘अनावश्यक आवाज काढून टाकला.’

अण्णांनी चष्मा पुसला. “काय लिहिलंय गं तिथं?”