बांधीतली सीडी

"भाऊ, तो तलवारीवाला गेम कुठं आहे? ज्याची सारी बटनं डाव्याच बाजूले होती?" माळ्यावरचा जुना व्हिडिओ गेम खाली काढायला लावून विक्कीनं विचारलं.

गजेंद्रला हसूच आलं. गोंदियाच्या बाजारातून दोघा भावांनी हट्टानं आणलेला तो गेम. चालणं, उडी, वार, सगळं डाव्या हातानं; उजव्याला कामच नाही. पहिल्याच दिवशी वैतागून गजेंद्रनं कंट्रोलर फेकला होता. "मंग उजवा हात धानाच्या बांधीत ठेवून येऊ का?" म्हणाला होता, आणि विक्की हसून हसून लोळला होता. पुन्हा तो गेम कुणी लावलाच नाही.

"तुले कायले पाहिजे तो? भंगार होता."

"खेळून पाहतो ना."

गजेंद्र त्याच्याकडे बघत राहिला आणि उठून बांधीत गेला. पाखरं हाकायला धानावर ज्या सीड्या टांगल्या होत्या, त्यांत त्या गेमचीही सीडी होती. बांबूला घासून घासून पांढरी पडलेली. त्यानं ती सोडवली, शर्टाला पुसली, घरी आणून लावली. मशीन दोनदा घरघरली आणि थांबली. टीव्हीवर काहीच आलं नाही.

"जाऊ दे भाऊ," विक्की म्हणाला. डाव्या हातातला कंट्रोलर त्यानं हळूच खाली ठेवला.

उजवा मागच्या वर्षी धान चुरताना थ्रेशरमध्ये गेला होता. त्याच बांधीत.