पिल्लं परत ठेवताना

"कोयता कुठंय?" गोकुळनं विचारलं.

"टोळीवाल्यांनी नेला आसंल," इंद्रायणी म्हणाली. कोयता तिनंच कडब्याच्या गंजीत खुपसला होता.

अंगणात टोमॅटोच्या कॅरेटमध्ये बिबट्याची दोन पिल्लं एकमेकांना बिलगून ओरडत होती. सकाळी टोळी ऊस तोडत असताना गोकुळच्याच फडात सापडली. दिवस कलला की पिल्लं जिथल्या तिथं ठेवायची, आई येऊन घेऊन जाते. पिंपळवंडीत आता हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

पण त्याच फडाच्या बांधावरून मागच्या पौषात मादीनं त्यांची श्रेया उचलली होती. चार वर्षांचं लेकरू.

"ही तिचीच पोरं," गोकुळ म्हणाला. "फाटक्या कानाची ती. कालच बांधावर पाह्यली मी."

"आसतील. आज चतुर्थी हाय माझी. दारात रगत सांडू नका."

"तुला कायच वाटत न्हाई?"

इंद्रायणी दूर्वा निवडत राहिली. "तुमी जेलात गेल्यावर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?" एवढंच म्हणाली. गोकुळ भिंतीला टेकला आणि गुडघ्यात तोंड घालून रडू लागला.

दुपार कलल्यावर वनखात्याचे डॉक्टर आले. बरोबर गार्ड धर्माजी. डॉक्टरांनी पिल्लं तपासली.

"बिबटीण बाळंतीण आन् आमचं डॉक्टर सुईण," धर्माजी म्हणाला. कुणी हसलं नाही.

"ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले. मग त्यांची नजर दाराशी बांधलेल्या नुकत्याच व्यालेल्या कुत्रीकडे गेली. "हिची पिल्लं?"

"मेली परवा. वकून वकून. रगताची हगवण लागली व्हती," इंद्रायणी म्हणाली.

डॉक्टरांचा हात थांबला. "त्यांचं काही या कॅरेटजवळ आलं नाही ना?"

"कुत्र्याचा रोग वाघराला कसा व्हईल?" तिनं विचारलं.

"मूळ मांजरांच्याच रोगातून निघालाय हा, वहिनी. विषाणूत जरासा बदल झाला आणि तो कुत्र्यांना धरायला लागला, मांजरं सुटली. मग आणखी बदल झाला. आता दोघांनाही सोडत नाही. किल्लीचे दात थोडे घासले, की दुसरं कुलूप उघडतं, तसं. आणि बिबट्या म्हणजे मांजराचंच घराणं."

"मोठ्या बिबट्याला बी?"

"मोठा बहुधा तगतो. पिल्लं नाही तगत."

"म्हंजी आईच्या म्होरंच जात्यात."

डॉक्टरांनी मान डोलावली. "महिनोन्महिने टिकतो तो. मातीत, कापडात. जपा."

"जपते," ती म्हणाली आणि साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले.

सूर्य डोंगराआड गेला. डॉक्टर जीपकडे वळले. धर्माजीनं कॅरेट उचलून फडाच्या तोंडाशी ठेवलं. गार वारा सुटला होता, पिल्लं थरथरत होती.

"वहिनी, खाली घालायला काय हाय का?"

"आणते."

गोकुळ उठला, तसं तिनं डोळ्यांनीच त्याला खाली बसवलं. गोठ्यामागं गेली आणि गोधडीचा एक तुकडा घडी घालून घेऊन आली.

"पुण्य लागंल तुमाला," धर्माजी म्हणाला. "येवढं झाल्यावर दुसऱ्या कुणाला न्हाई जमलं आसतं."

ती कॅरेटपाशी बसली. पिल्लं एकेक करून उचलली, गोधडी नीट पसरली, पिल्लं तिच्यावर ठेवली आणि कडा त्यांच्या अंगावर ओढल्या. पिल्लं लगेच गप झाली. एकानं गोधडीचं टोक तोंडात घेतलं आणि चोखू लागलं.

"ने गं बाई," ती उसाकडं बघून हळूच म्हणाली. "तुझी तुला."

परवा कुत्रीची पिल्लं याच गोधडीवर मेली होती.